वेबसाइटचा पहारा पॉजवर राहिला तर? एआय एजंटकडून तो पुन्हा सुरू करताना

मागच्या रमजानमधली गोष्ट आहे. फजरची नमाज होऊन थोडाच वेळ झाला होता. विजापूर वेशीजवळ राहणाऱ्या एका खालाजानचा आम्हाला फोन आला. "बेटा, तुमची वेबसाइट उघडत नाही काय? रात्रीपासून बघतेय, काहीतरी इंग्रजीत लिहून येतंय नुसतं." आमच्या वेबसाइटवर सोलापूरच्या सहेरी-इफ्तारचं वेळापत्रक असतं. त्या रोज तेच बघून सहेरी करायच्या. त्या दिवशी पान उघडलं नाही, म्हणून त्यांनी मुंबईच्या भाचीनं व्हॉट्सॲपवर पाठवलेला टाइमटेबलचा फोटो बघितला, त्यातल्या वेळेपर्यंत पाणी प्यायल्या आणि नंतर मोहल्ल्यातल्या मशिदीची अजान आठवून त्यांच्या मनात शंका आली. "आमचा रोजा झाला का रे?"

हा प्रश्न आम्ही आमच्या इमाम साहेबांकडे पाठवला. मसला सांगणं आमचं काम नाही. पण ती वेळ चुकली का, हे सांगणं आमचं काम आहे. मुंबई आणि सोलापूर यांच्यात रेखांशाचा फरक साधारण ३ अंशांचा आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. म्हणजे सोलापुरात सूर्य मुंबईपेक्षा सुमारे १२ मिनिटं आधी उगवतो आणि आधीच मावळतो. मुंबईच्या वेळापत्रकावर इफ्तार केली तर आपण दहा-बारा मिनिटं उशिरा रोजा सोडू, त्यात फक्त भूक थोडी वाढते. पण मुंबईच्या वेळापत्रकावर सहेरी केली तर सोलापुरात फजरची वेळ सुरू झाल्यावरही आपण खात राहू. खालाजानचं तेच झालं होतं.

वेबसाइट का बंद पडली, हे शोधायला वेळ लागला नाही. सर्व्हरची डिस्क भरली होती, त्यामुळे डेटाबेसनं काम थांबवलं होतं. लॉगवरून कळलं की हे रात्री पावणेबाराला झालं. म्हणजे तराबीह आटोपून लोक घरी गेले तेव्हापासून फजरनंतरपर्यंत, सहा तास वेबसाइट बंद आणि आम्हाला पत्ता नाही. डिस्क भरणं ही रोजची भानगड आहे, कोणाचीही भरते. आम्हाला खरी लाज वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. वेबसाइट बंद पडली की फोनवर सांगणारी व्यवस्था आमच्याकडे होती. आम्हीच ती तीन आठवड्यांपूर्वी थांबवून ठेवली होती आणि परत सुरू करायला विसरलो होतो.

आज हा लेख त्यावरच आहे. आपल्या समाजात आता मदरशांच्या, शाळांच्या, जमातींच्या, स्कॉलरशिप देणाऱ्या ट्रस्टच्या वेबसाइट आहेत. सोलापुरात चादर, टॉवेल आणि युनिफॉर्मचा धंदा करणाऱ्या कितीतरी घरांच्या ऑर्डरी वेबसाइटवर येतात. या वेबसाइट सांभाळणारा बहुतेक वेळा घरातलाच एखादा मुलगा किंवा मुलगी असते, कॉलेज सांभाळून काम करणारी. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या अब्बा-अम्मीसाठीही हे लिहितोय.

पहारेकरी नेमकं काय करतो

वेबसाइट चालू आहे की नाही हे ठराविक वेळानं बघत राहणाऱ्या सेवेला अपटाइम मॉनिटरिंग म्हणतात. अपटाइमरोबोट, पिंगडम, बेटर स्टॅक ही त्यातली ओळखीची नावं. स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची असेल तर लुई लॅम यांचं अपटाइम कुमा हे मोफत सॉफ्टवेअर आहे. काम सगळ्यांचं एकच. दर पाच मिनिटांनी, किंवा पैसे भरले तर दर मिनिटाला, ही सेवा तुमच्या वेबसाइटचं दार वाजवते. आतून "२००" असं उत्तर आलं तर सगळं ठीक. "५००" आलं तर आत काहीतरी मोडलंय, "५०३" आलं तर सर्व्हरला सध्या जमत नाही, आणि काहीच उत्तर आलं नाही तर दारापर्यंतचा रस्ताच बंद आहे. दोन-तीनदा वाजवूनही उत्तर नीट नसेल तर ती ईमेल, एसएमएस किंवा टेलिग्रामवर खबर देते.

पाच मिनिटांच्या हिशेबानं दिवसातून २८८ वेळा दार वाजतं. माणसाकडून हे होणार नाही. शिवाय आपण आपल्याच फोनवर बघतो तेव्हा फोननं साठवून ठेवलेलं जुनं पान दिसतं आणि आपल्याला वाटतं, चालू आहे की. बाहेरून, अनोळखी माणसासारखं येऊन बघणारा कोणीतरी लागतो.

मग असा पहारेकरी थांबवायचा तरी कशाला? कारणं अगदी साधी असतात. आम्ही सर्व्हर बदलत होतो. जुन्याकडून नव्याकडे सामान हलवताना वेबसाइट बंद-चालू होणारच होती. पहिल्या रात्री आमच्या टीममधल्या मुलाच्या फोनवर दहा-दहा मिनिटांनी इशारे यायला लागले. दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा होती. त्यानं चारही मॉनिटर पॉज केले आणि झोपला. आम्ही त्याला दोष देत नाही, त्या जागी आम्हीही तेच केलं असतं. सर्व्हर हलला, वेबसाइट छान चालू झाली, सगळ्यांनी एकमेकांना मुबारकबाद दिली. पॉज मात्र तसाच राहिला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मॉनिटर पॉजवर असला की बहुतेक सेवा तो काळ हिशेबातच धरत नाहीत. त्यामुळे महिन्याच्या रिपोर्टवर आकडा खराब दिसत नाही, उलट चांगला दिसतो. खालाजानला पान उघडलं नाही त्या रात्रीही आमच्या डॅशबोर्डवर एकही लाल खूण नव्हती. ज्याच्याकडे मॉनिटरिंग नाही तो निदान अधूनमधून स्वतः वेबसाइट उघडून बघतो. आम्ही बघत नव्हतो, कारण आमच्या मते आमचा पहारेकरी जागा होता.

हे आमच्यासारख्या छोट्यांचंच होतं असं नाही. गिटलॅब ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठीची मोठी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनिअरच्या हातून चुकून मुख्य डेटाबेसच पुसला गेला. बॅकअप घ्यायला गेले तर कळलं की रोजचा बॅकअप होतच नव्हता. तो फसल्याचे ईमेल यंत्रणा पाठवत होती, पण ईमेलच्या सुरक्षेच्या नियमांत न बसल्यामुळे ते परत फिरवले जात होते, कोणापर्यंत पोचतच नव्हते. नशिबानं सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली, त्यावर भागवावं लागलं. कंपनीनं हे सगळं स्वतः लिहून जाहीर केलं, म्हणून जगाला कळलं.

एजंट म्हणजे काय आणि तो हे कसं करतो

पॉज काढणं अवघड नाही. डॅशबोर्ड उघडा, मॉनिटर शोधा, बटण दाबा. मग यात एआय कशाला आणायचा, असं आमच्याच एका मोठ्या भाईजाननी विचारलं. प्रश्न बरोबर आहे. एकच वेबसाइट असेल तर काहीच गरज नाही, हातानंच करा. पण ज्या मुलांनी दहा-वीस दुकानांच्या, शाळांच्या वेबसाइट सांभाळायला घेतल्या आहेत, त्यांच्या खात्यात चाळीस-पन्नास मॉनिटर असतात. कुठला कधीपासून थांबलाय, कोणी थांबवला, हे पाना-पानावर जाऊन बघणं राहून जातं. तिथे एजंट उपयोगाचा आहे.

साधा चॅटबॉट फक्त बोलतो. एजंटच्या हातात हत्यारं असतात. त्याला तुम्ही मराठीत म्हणालात, "थांबवलेले मॉनिटर दाखव", की तो त्याच्याकडच्या हत्यारांतून योग्य ते निवडतो, मॉनिटरिंग सेवेला विनंती पाठवतो आणि आलेलं उत्तर तुम्हाला वाचून दाखवतो. ही हत्यारं जोडायची एक ठरलेली पद्धत आहे, तिला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल म्हणतात, थोडक्यात एमसीपी. अँथ्रॉपिक कंपनीनं ती नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली, पुढच्या वर्षी ओपनएआय आणि गुगलनंही ती घेतली. पूर्वी प्रत्येक फोनचा चार्जर वेगळा असायचा आणि आता एकाच पिननं बहुतेकांचं भागतं, तसंच काहीसं.

आता "मॉनिटर पुन्हा सुरू कर" या हत्याराच्या आत काय असतं? फार काही नसतं. त्याला एक आकडा द्यावा लागतो, मॉनिटरचा नंबर. तो नंबर आणि तुमच्या खात्याची चावी घेऊन हत्यार सेवेच्या एपीआयला म्हणजे मागच्या दाराला एक विनंती पाठवतं. अपटाइमरोबोटच्या एपीआयच्या दुसऱ्या आवृत्तीत या विनंतीत स्थिती "१" पाठवली की मॉनिटर सुरू होतो, "०" पाठवली की थांबतो. पिंगडम आणि बेटर स्टॅकमध्ये "पॉज" या खुणेपुढे "नाही" लिहून पाठवायचं. उत्तर येतं: झालं. एजंट तुम्हाला सांगतो: "मॉनिटर यशस्वीरीत्या सुरू केला आहे."

आणि इथेच माणूस फसतो. अपटाइमरोबोटच्या त्याच आवृत्तीत मॉनिटरची स्थिती विचारली तर पाच आकड्यांपैकी एक उत्तर येतं. ० म्हणजे थांबवलेला, १ म्हणजे अजून तपासलं नाही, २ म्हणजे वेबसाइट चालू, ८ म्हणजे बंद वाटते, ९ म्हणजे बंद. पॉज काढल्या-काढल्या जे मिळतं ते १. म्हणजे पहारेकरी उठून बसलाय, पण अजून दारापर्यंत गेलेला नाही. वेबसाइट चालू आहे असं कोणीही म्हटलेलं नाही. एजंटचं "यशस्वी" हे फक्त बटणाबद्दल असतं. तुम्ही ते वेबसाइटबद्दल समजलात आणि लॅपटॉप बंद केलात, तर पाच मिनिटांनी ९ आलेला तुम्हाला दिसणार नाही.

म्हणून एजंटला एक काम न सांगता तीन सांगायची सवय आम्ही लावून घेतली आहे. सुरू करायच्या आधी वेबसाइट आत्ता उघडते का ते बघ. मग सुरू कर. मग एक फेरी होईपर्यंत थांब आणि २ आला का ते सांग. शेवटचं काम काही एजंटना जमत नाही, ते वाट बघत बसत नाहीत. तर आपण चहा पिऊन या आणि परत विचारा.

आमच्या बाबतीत काय झालं

खालाजानच्या फोननंतर त्याच दुपारी आम्ही एजंट जोडला. पहिलं वाक्य लिहिलं, "आमच्या खात्यातले थांबवलेले सगळे मॉनिटर दाखव, कधीपासून थांबलेत तेही सांग, पण काहीही सुरू करू नकोस." शेवटचे चार शब्द महत्त्वाचे आहेत. ते लिहिले नसते तर एजंट उत्साहात पुढचं पाऊल स्वतःच टाकण्याची शक्यता असते, कारण आपल्याला मदत करायची एवढंच त्याला माहीत असतं.

यादीत चार नावं आली. एक मुख्य पानाचं, एक वेळापत्रकाचं, आणि दोन जवळजवळ सारखी, "सर्व्हर" आणि "सर्व्हर नवा". एजंटनं नम्रपणे विचारलं, चारही सुरू करू का? आमचा मुलगा "हो" लिहिणारच होता. पण "सर्व्हर" नावाचा मॉनिटर जुन्या जागेवर नजर ठेवून होता, आणि ती जागा आम्ही केव्हाच सोडली होती. तो सुरू केला असता तर बंद पडलेल्या पत्त्यावर जाऊन तो रोज रात्री बोंब ठोकत राहिला असता. दोन दिवसांत कोणीतरी वैतागून परत सगळेच इशारे बंद केले असते. मूळ चूक अशीच तर झाली होती.

एजंटला हे कळण्याचा मार्ग नव्हता. त्याच्यासमोर फक्त नावं आणि पत्ते होते. जुनी जागा सोडली ही गोष्ट आमच्या डोक्यात होती, कुठे लिहिलेली नव्हती. पॉज कोणी, का आणि कधीपर्यंत केला, हे मॉनिटरच्या नावातच लिहून ठेवायला हवं होतं. आता आम्ही लिहितो. "वेळापत्रक, सर्व्हर बदलतोय, १२ तारखेला सुरू करणे" असं लांबलचक नाव दिसायला वाईट दिसतं, पण माणसाला आणि एजंटला दोघांनाही कळतं.

दुसरी अडचण त्याहून गमतीची निघाली. वेळापत्रकाचा मॉनिटर सुरू केला, पाच मिनिटांनी २ आला, सगळे खूश. मग आम्ही खात्री करायला वेबसाइट मुद्दाम दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवली. मॉनिटर ९ वर गेला. पण फोन शांत. शोधलं तर इशारा जात होता एका जुन्या ईमेलवर. तो पत्ता ज्या भावाचा होता, ते नोकरीसाठी दोन वर्षांपूर्वी दुबईला गेले आणि तो ईमेल आता उघडतच नाहीत. म्हणजे पॉज नसता तरी खालाजानची ती सहेरी चुकलीच असती! पॉज काढताना "इशारा कोणाला जातो ते दाखव" हे वाक्य एजंटला विचारायला विसरू नका. आणि एकाच माणसावर ठेवू नका. आम्ही आता तीन नंबर ठेवले आहेत, त्यातला एक अशा माणसाचा जो सहेरीला लोकांना उठवायला तसाही जागा असतो.

चावी कोणाच्या हातात

एजंटला काम करायचं तर तुमच्या खात्याची चावी द्यावी लागते. घरच्या किल्ल्यांसारख्याच या चाव्या वेगवेगळ्या असतात. अपटाइमरोबोटमध्ये तीन प्रकार आहेत: फक्त वाचायची, एकाच मॉनिटरपुरती, आणि पूर्ण खात्याची. अडचण अशी की एका मॉनिटरपुरती चावीसुद्धा फक्त वाचूच देते. पॉज काढायचा तर पूर्ण खात्याची चावी लागते. आणि जी चावी मॉनिटर सुरू करू शकते, तीच तो थांबवूही शकते, पुसूही शकते.

हा बारीक मुद्दा नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत एक उद्योजक रिप्लिट या कंपनीच्या एआय एजंटकडून ॲप बनवून घेत होते. काही बदलू नको असं स्पष्ट सांगितलेलं असताना त्या एजंटनं चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांना माफी मागावी लागली. मॉनिटर पुसला गेला तर डेटाबेस पुसल्याएवढं नुकसान होत नाही, मान्य. पण महिन्यांच्या नोंदी जातात, आणि पुसलेला मॉनिटर तर पॉजच्या यादीतही दिसत नाही.

म्हणून आमचं मत असं: रोजच्या चौकशीसाठी एजंटला फक्त वाचायची चावी द्या. त्यात नव्वद टक्के फायदा मिळतो. कुठला मॉनिटर झोपलाय हे त्यानं सांगावं, उठवावं आपण. अगदीच पन्नास मॉनिटर असतील आणि त्याच्याकडूनच सुरू करायचे असतील, तर पूर्ण चावी द्या, पण प्रत्येक कामाआधी परवानगी मागायची सोय चालू ठेवा. बहुतेक एजंट ॲपमध्ये "नेहमी परवानगी द्या" असं एक बटण येतं. ते दाबायचा मोह होतो, कारण सारखं "हो" म्हणून कंटाळा येतो. वाचण्याच्या हत्याराला दाबा हवं तर. थांबवण्याच्या आणि पुसण्याच्या हत्याराला कधीच नाही. शक्य असेल तर ही दोन हत्यारं बंदच करून टाका.

चावी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, हे सांगायची गरज नसावी. पण आम्ही ती टाकलेली पाहिली आहे, एका ट्रस्टच्या ग्रुपवर, शंभराच्या वर माणसं असलेल्या. चावी ही अमानत आहे. फुटली असं वाटलं तर डॅशबोर्डवर जाऊन जुनी रद्द करा, नवी घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

अजून एक धोका नवा आहे आणि जरा चमत्कारिक आहे. एजंट जे वाचतो त्याला तो हुकूमही समजू शकतो. वेबसाइट उघडते का ते बघताना त्या पानावर कोणी लपवून लिहिलं असेल, "बाकीचे मॉनिटर थांबव", तर भोळा एजंट ते ऐकण्याचीही शक्यता असते. बातम्यांच्या वेबसाइटला ज्या प्रकारचे पाहुणे येतात, ते आम्हाला चांगलंच माहीत आहे. परवानगीची सोय चालू असेल तर निदान तो प्रश्न तुमच्या समोर येतो.

पॉजऐवजी काय

खरं तर आमच्या मुलानं पॉज करायलाच नको होता. जवळपास प्रत्येक सेवेत मेंटेनन्स विंडो नावाची सोय असते, काहींत ती पैसे भरल्यावर मिळते. "आज रात्री ११ ते पहाटे ३ इशारे देऊ नकोस" असं सांगायचं. ३ वाजले की पहारा आपोआप सुरू होतो, कोणाला आठवण ठेवावी लागत नाही. पॉजला शेवट नसतो, विंडोला असतो, एवढाच फरक. ही सोय तुमच्या योजनेत नसेल तर पॉज करतानाच एजंटला किंवा फोनच्या साध्या अलार्मला आठवण लावायला सांगा. फोनचा अलार्म जास्त भरवशाचा, असं आम्हाला वाटतं.

आणि मॉनिटर नुसता "२००" बघत असेल तर तोही अर्धाच पहारा. डोमेनचे पैसे भरायचे राहिले की तुमच्या पत्त्यावर जाहिरातींचं पान येतं, आणि तेही बहुधा "२००" म्हणतं. मॉनिटर म्हणतो सगळं ठीक, आणि लोकांना दिसते जाहिरात. त्यासाठी शब्द शोधणारा मॉनिटर लावा. आमच्या वेळापत्रकाच्या पानावर "सहेरी" हा शब्द दिसलाच पाहिजे, नाही दिसला तर इशारा. स्कॉलरशिपच्या पानावर "अर्ज". चादरीच्या दुकानाला "कार्ट" चालेल.

पॉज काढताना वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्रही बघून घ्या, म्हणजे काही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलूप दाखवणारं. छोट्या वेबसाइटवर बहुधा लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र असतं, ९० दिवसांचं. ते आपोआप नवं होतं, पण सर्व्हर बदलताना ही साखळी हमखास तुटते. पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्ट ईमेल पाठवायचं. ४ जून २०२५ पासून त्यांनी ते बंद केलं. शिवाय विकत घेतलेल्या प्रमाणपत्रांची मुदतही आता टप्प्याटप्प्यानं कमी होतेय: १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ मध्ये १०० आणि २०२९ मध्ये फक्त ४७. म्हणजे वर्षातून एकदा लक्षात ठेवायची गोष्ट दीड महिन्यावर येणार. मुदत संपली की ब्राउझर लाल अक्षरांत "हे संकेतस्थळ सुरक्षित नाही" असं सांगतो. घाबरून बंद करणारी पहिली माणसं म्हणजे आपल्या घरातली वडीलधारी, ज्यांना आपणच सांगितलेलं असतं की असलं काही आलं तर पुढे जायचं नाही.

आम्ही आता काय करतो ते सांगून टाकतो. दर शुक्रवारी जुम्यानंतर एजंटला एकच वाक्य विचारतो: "थांबवलेले मॉनिटर कोणते, कधीपासून, आणि इशारे कोणाला जातात?" त्याच्याकडे वाचायचीच चावी आहे. उत्तर टीमच्या ग्रुपवर टाकतो, आणि ज्याचं नाव असेल त्यानं रात्रीपर्यंत एकतर सुरू करायचा किंवा कारण लिहायचं. महिन्यातून एकदा वेबसाइट मुद्दाम थोडा वेळ बंद करून फोन वाजतो का ते बघतो. तराबीहच्या वेळी नाही, दुपारी. आणि सहेरी-इफ्तारच्या वेळापत्रकाचा कागद यंदा छापूनही वाटला. विजापूर वेशीतल्या मीना बाजारात बऱ्याच जणांनी तो घेतला, खालाजाननी दोन नेले, एक मुंबईच्या भाचीसाठी. तो तिकडे चालणार नाही, असं आम्ही सांगितलं. "मला कळतंय ते," म्हणाल्या, "तिला दाखवायचाय."

त्या चार मॉनिटरपैकी तीन आज चालू आहेत. चौथा, जुन्या सर्व्हरचा, आम्ही पुसला नाही, कारण त्याच्यात दोन वर्षांच्या नोंदी आहेत. तो पॉजवरच आहे. नावापुढे तारीख आणि कारण लिहिलं आहे, आणि दर शुक्रवारी एजंट त्याची आठवण करून देतो.